कडी कोणी लावली

सोहारच्या मॉलमधला गुरुवारचा शेवटचा खेळ.
बावीस माणसं. मोजली मी, सवयीनं.
दिवसभर लॅबमध्ये पेशी मोजणारा डोळा
असा सहज मिटत नाही.

पडद्यावर केळीची बाग, तिच्यामागे पंपघर.
पंपघराला बाहेरून कडी,
आत धाकटा.
घरात त्या दुपारी तिघंच होती:
आई, थोरला,
आणि न कळवता माहेरी आलेली बहीण.

दोन तास दहा मिनिटं
आई हात पदराला पुसते, जरा जास्तच वेळ.
थोरला भात मागून घेतो, त्याही दिवशी.
बहीण कुणाच्या तरी चपला उन्हातून सावलीत ठेवते.
एवढंच. कुणी कबूल होत नाही,
कुणी रडून सांगत नाही,
पोलीसही चहा पिऊन जातो.
शेवटी रात्र. तिघंही एकाच खोलीत.
अंधारात कुणीतरी उठतं,
दाराला आतून कडी घालतं,
परत येऊन निजतं.
कोण ते दिसत नाही.
फक्त लोखंडाचा तो आवाज,
आणि दिवे लागतात.

"रीळ तुटलं काय?" मागून कुणीतरी.
परकार म्हणाले, "तीन रियाल पाण्यात गेले, वहिनी."

पार्किंगमध्ये मध्यरात्री अडतीस डिग्री.
गाडी थंड होईपर्यंत सगळे बाहेर उभे,
कागदी कपात कडक चहा,
आणि खटला सुरू.
सुमेध म्हणाला, थोरला. शंभर टक्के. जमिनीचा वाटा.
याच्या स्मेल्टरमध्ये प्रत्येक अपघाताच्या फॉर्मवर
मूळ कारणाचा रकाना असतो,
रिकामा सोडला तर फॉर्म परत येतो.
परकार म्हणाले, काहीही असो, बहीण नाही.
दापोलीच्या तीन बहिणींची लग्नं
त्यांनी या वाळूतून उभी केलीत.
रविवारी लॅबमध्ये झुवैना म्हणाली, आईच.
तिनं अरबी सबटायटल्सवर पाहिला होता.
"मुद्दाम नाही गं. जाता जाता.
मीसुद्धा लावते कडी, आत कोण आहे न बघता."
मग गप्प झाली
आणि लावलेली लेबलं पुन्हा तपासत बसली.

मला कुणी विचारलंच नाही. बरं झालं.

माझ्या टेबलावर दोनच शिक्के आहेत.
फिट. अनफिट.
एक इथे ठेवतो, एक विमानात बसवतो.
सोमवारी सिल्हेटचा एक पोरगा आला,
त्याच्या पट्टीवर रेघ अशी फिकट
की आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे.
मी लिहिलं, पुन्हा नमुना घ्या.
तो परत आला आणि न सांगता बाही वर केली.
नजर माझ्या तोंडावर,
जणू उत्तर तिथे आधीच उमटलंय
आणि मीच लपवतेय.
त्याला मला कधीतरी एक शिक्का मारावाच लागेल.
पगार त्याचाच मिळतो.

म्हणून मला तो सिनेमा आवडला.
कुणी हुशारीनं गाठ मारली आणि सोडवली नाही
म्हणून नव्हे,
तसल्या हुशारीचा मला कंटाळाच आहे.
तर त्या दिग्दर्शकाच्या हातात शिक्का होता,
शाई ओली होती,
आम्ही बावीस जण वाट बघत होतो,
आणि त्यानं तो खाली ठेवला.
तिघांना तसंच निजू दिलं, जवळजवळ.

सिनेमा आठवड्यात उतरला.
तिथे आता एका गाडीचं आणि एका पिस्तुलाचं पोस्टर आहे.

काल इस्त्री करता करता सुमेध अचानक म्हणाला,
"पण मग चपला तिनं का हलवल्या?"
इस्त्री हातात तशीच धरलेली,
वाफ सुटत होती.
दहा दिवस झाले होते.
मी म्हटलं, बाही जळेल.
पण मनातून इतकं बरं वाटलं
की उगाच खिडकीपाशी गेले.
बंदराकडे एक जहाज उभं होतं,
सगळे दिवे लावून.
येत होतं की निघालं होतं,
इथून काही कळत नव्हतं.